प्रश्न तुमचे : कंपनीत सरकार आहे, मग काळजी कसली?

मागच्या अंकात धारावीच्या पुनर्विकासासाठी अदानी आणि राज्य सरकार यांच्या भागीदारीत निघालेल्या कंपनीबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि त्यावर एवढी पत्रं आली की हा महिना त्यालाच द्यायचं ठरवलं. मी गेली वीस वर्षं कंपन्यांचे कागद करते, म्हणजे नोंदणी, घटना (कंपनीची स्वतःची नियमावली), ठराव, वार्षिक विवरणं, त्यामुळे उत्तरं त्याच खिडकीतून येतील. बिल्डिंग किती मजली होणार, त्यात जिम असणार का, हे मला विचारू नका. सहा प्रश्न घेतलेत.

ताई, साधा प्रश्न. जुनी वस्ती पाडून नवी बांधायची तर सरकारने टेंडर काढावं, कंत्राटदाराला काम द्यावं, विषय संपला. मध्येच ही वेगळी कंपनी कशाला? (सायनहून एक वाचक)

रस्ता करायचा असतो तेव्हा तुम्ही म्हणता तसंच होतं. पैसे सरकारचे, काम कंत्राटदाराचं, बिल पास झालं की दोघं मोकळे. पण वस्ती नव्याने उभी करायची म्हणजे पंधरा-वीस वर्षांचा संसार असतो, आधी लोकांना हलवायचं, त्यांना भाडं द्यायचं, गटार-पाण्याच्या लाइनी टाकायच्या, पुनर्वसनाच्या इमारती बांधायच्या आणि मग उरलेल्या जागेत विक्रीचे फ्लॅट बांधून त्यातून हा सगळा खर्च भरून काढायचा. सरकारला एवढे पैसे घालायचे नसतात, बिल्डरला जमिनीचा भरवसा हवा असतो आणि बँकेला कर्ज कुणाच्या नावावर द्यायचं ते एक नाव हवं असतं. म्हणून फक्त त्या एका कामासाठी कंपनी काढतात, तिलाच एसपीव्ही म्हणतात. तिचं खातं वेगळं, कर्ज वेगळं, आणि सचिव बदलला, सरकार बदललं तरी कंपनी तीच राहते.

धारावीचंच बघा. २००४ मध्ये सगळ्या धारावीचा एकत्र विकास करायचा असं ठरलं, मग तिची सेक्टरमध्ये विभागणी केली, टेंडरं निघाली, आणि २०११ मध्ये ते सगळं गुंडाळलं. २०१८ च्या शेवटी सरकारने एसपीव्हीचा रस्ता धरला, ८० टक्के भांडवल खासगी भागीदाराचं म्हणजे ४०० कोटी आणि २० टक्के सरकारचं म्हणजे १०० कोटी. त्या टेंडरमध्ये दुबईच्या सेकलिंकची बोली ७,२०० कोटींची आणि अदानींची ४,५३९ कोटींची, पण मग रेल्वेच्या जमिनीचा मुद्दा निघाला आणि २०२० मध्ये ते टेंडरच रद्द झालं. २०२२ ला परत काढलं, अदानी प्रॉपर्टीजची बोली ५,०६९ कोटी, डीएलएफची २,०२५ कोटी, जुलै २०२३ मध्ये काम अदानींना दिल्याचा शासन निर्णय आला. सेकलिंकची याचिका मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली, ते पुढे सुप्रीम कोर्टात गेले. आणि कंपनीचं नाव आधी धारावी रीडेव्हलपमेंट प्रोजेक्ट प्रायव्हेट लिमिटेड होतं ते डिसेंबर २०२४ पासून नवभारत मेगा डेव्हलपर्स झालं. (नाव बदललं म्हणून कंपनी बदलत नाही. अनेकांनी घाबरून विचारलंय म्हणून सांगितलं.)

एसपीव्हीचा धोका मात्र समजून घ्या. भागधारकाची जबाबदारी शेअरच्या पैशापुरती. कंपनीचं भांडवल पाचशे कोटी आणि काम हजारो कोटींचं, म्हणजे उद्या कंपनी अडकली तर कोर्टात तुम्ही कंपनीला ओढणार, तिच्या मालकांना सहजासहजी नाही. त्यासाठी बँक गॅरंटी किती, मूळ कंपनीची लेखी हमी आहे का, विक्रीचा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात (म्हणजे ठरलेली अट पूर्ण झाली तरच पैसा सुटतो अशा खात्यात) जातो का, आणि पुनर्वसनाचं काम ठरल्या टप्प्यापर्यंत झाल्याशिवाय त्या खात्यातून पैसा काढता येतो का, हे चार प्रश्न मी भांडवलाच्या आकड्याच्या आधी विचारते.

आमच्या गल्लीत सगळे म्हणतात सरकार २० टक्के आहे म्हणजे आपला माणूस आत बसलाय. खरं आहे का? (कुंभारवाडा, धारावी)

या प्रश्नासाठीच खरं तर हा अंक, त्यामुळे जरा बसून वाचा.

कंपनीत दोन तऱ्हेचे ठराव होतात. साधा ठराव निम्म्यापेक्षा जास्त मतांनी पास. विशेष ठरावाला मात्र विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने लागतात, म्हणजे पंच्याहत्तर टक्के. आणि कंपनीच्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी, घटना बदलायची, भांडवल कमी करायचं, कंपनी स्वतःहून गुंडाळायची, या विशेष ठरावाने होतात. आता गणित करा. ८० विरुद्ध २० म्हणजे चौपट झालं. सरकारने हात वर करून विरोध केला तरी ठराव पास. हेच सरकारकडे २६ टक्के असते तर एकही विशेष ठराव सरकारच्या संमतीशिवाय होऊ शकला नसता. नुसत्या सहा टक्क्यांचा फरक, भांडवलाच्या भाषेत तीस कोटींचा, पण अडवायचा हक्क त्याच सहा टक्क्यांत असतो. आमच्या धंद्यात २६ आकड्याला एवढा मान आहे तो यासाठी.

मग वीस टक्केवाल्याच्या हातात काहीच नाही का, तर तसंही नाही. दहा टक्के शेअर असणाऱ्यालासुद्धा अन्याय होतोय किंवा कारभार बिघडलाय म्हणून कंपनी न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण ते घर जळाल्यावर बंब बोलावल्यासारखं. आधीच करायचं काम म्हणजे भागधारकांच्या करारात ठरावीक विषय राखून ठेवायचे, की जमीन गहाण ठेवणं, कर्जाची मर्यादा ओलांडणं, पुनर्वसनाचा आराखडा बदलणं, शेअर तिसऱ्याला विकणं, हे सरकारच्या लेखी होकाराशिवाय होणार नाही. आणि ते नुसतं करारात असून भागत नाही हो! १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रंगराज खटल्यात सांगितलं की शेअर कुणाला विकायचे यावरची बंधनं कंपनीच्या घटनेत, म्हणजे आर्टिकल्समध्ये नसतील तर ती कंपनीवर बंधनकारक नाहीत. म्हणून ते कलम आर्टिकल्समध्ये उतरवून घ्यायचं. आणि आर्टिकल्स परत विशेष ठरावाने बदलता येतात, म्हणजे फिरून तिथेच आलो, तर त्यालाही २०१३ च्या कंपनी कायद्यात कुलूप दिलंय, कलम ५ खाली एन्ट्रेंचमेंटची तरतूद, की अमुक कलम बदलायचं तर पंच्याहत्तर टक्के पुरणार नाहीत, सगळ्यांचा होकार लागेल. हे कुलूप प्रायव्हेट कंपनीत स्थापनेच्या वेळीच लावून घ्यावं, कारण नंतर लावायला सगळ्याच भागधारकांची संमती लागते, आणि एकदा जमीन हातात पडल्यावर ती कोण देणार?

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक सरकारी मंडळ असाच करार तपासायला घेऊन आलं होतं, धारावीशी त्याचा संबंध नाही. करार नव्वद पानी, उत्तम, राखीव विषयांची यादी दीड पानभर. आर्टिकल्स उघडले तर बाजारात मिळतो तो छापील नमुना, त्यात त्या दीड पानातली एक ओळ नाही. नोंदणी होऊन चौदा महिने झाले होते. साहेबांनी विचारलं, आता घालता येईल ना? मी म्हटलं, घालता येईल, भागीदाराला विचारा. भागीदाराने नंतर बघू म्हणून सांगितलं, ते आजतागायत बघितलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सरकारची खरी ताकद कंपनीच्या बाहेर आहे, कारण मंजुरी सरकारची, पात्रता यादी सरकारची, आजूबाजूची जमीन देणारं सरकार, आणि मुंबईतल्या इतर बिल्डरांना टीडीआर (म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत मिळणारा बांधकामाचा हक्क) घेताना आधी ४० टक्के धारावीचा घ्या असा नियम २०२३ च्या शेवटी काढणारंही सरकारच. पण तेच सरकार आत भागीदारही आहे, म्हणजे लग्नाच्या याद्या करताना एकाच माणसाने मुलाकडूनही बसायचं आणि मुलीकडूनही. कंपनीला नफा झाला तर सरकारचा फायदा, आणि कंपनीने रहिवाशांना कमी दिलं तर दंड करायचा तो पण सरकारनेच. म्हणून कंपनीत बसणारे अधिकारी आणि कंपनीवर देखरेख करणारे अधिकारी वेगळे असले पाहिजेत, ही मागणी तुम्ही कुंभारवाड्याने जरूर लावून धरा. भट्टीची जागा, माल वाळवायचं अंगण, हे कुठल्या कागदात आहे तेही विचारा, कारण दुकान-गाळ्याचा हिशोब चौरस फुटात होतो आणि अंगण त्या हिशोबात येतच नाही.

कंपनीला माहिती अधिकार लागू आहे का? अर्ज केला तर उत्तर मिळेल का? (माटुंगा)

सरकारचे ५१ टक्के असते तर ती सरकारी कंपनी ठरली असती, तिचा ऑडिटर कॅगने नेमला असता. २० टक्क्यांत तसं होत नाही. माहिती अधिकारात मुद्दा येतो सरकारचा भरीव पैसा किंवा ताबा आहे का, आणि २०१३ च्या थलप्पलम निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नुसती देखरेख म्हणजे ताबा नव्हे, तो ठोस असला पाहिजे. त्यामुळे कंपनीकडेच अर्ज केलात तर वाद घालण्यात दोन वर्षं जातील.

अर्ज सरकारी खात्याकडे करा. सरकार भागधारक आहे, त्याचे प्रतिनिधी बैठकीला जातात, म्हणजे इतिवृत्त, करार, हिशोब त्यांच्याकडे आहेत, आणि जे त्यांच्या दफ्तरात आहे ते मागता येतं. शिवाय एखाद्या खासगी संस्थेची माहिती सरकारी खातं दुसऱ्या कायद्याने मिळवू शकत असेल तर तीही माहितीच्या व्याख्येत बसते, कलम २ मध्ये वाचा. व्यापारी गोपनीयता म्हणून नकार येऊ शकतो, तेव्हा अपिलात व्यापक जनहिताचा मुद्दा घ्यायचा. आणि त्याच्याही आधी, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शंभर रुपये भरून कुठल्याही कंपनीचे आर्टिकल्स, संचालकांची नावं, कर्जासाठी काय तारण दिलंय त्याची नोंद, हे बघता येतं. घरबसल्या होतं. ऐकून झालेल्या चार भाषणांपेक्षा ते शंभर रुपये जास्त उपयोगी.

आमच्या महापालिकेची जुनी भाजी मंडई आहे, मोक्याची जागा. प्रशासन म्हणतंय खासगी भागीदारासोबत कंपनी काढू, महापालिका जमीन देईल, तो पैसे घालेल, निम्मे निम्मे. मी माजी नगरसेवक आहे, काय विचारू? (पश्चिम महाराष्ट्र)

पहिलं म्हणजे, कंपनी म्हटली की खासगी भागीदार हवाच असं नाही. स्मार्ट सिटीच्या कंपन्या आठवा, पुण्याची २०१६ मध्ये झाली, त्यात राज्य आणि महापालिका निम्मे निम्मे. हॅम्बुर्गला जुन्या बंदराच्या १५७ हेक्टरवर हाफेनसिटी उभी राहिली ती कंपनी शंभर टक्के शहराच्या मालकीची, खासगी लोक येतात ते एकेका प्लॉटवर. आणि तिथली एक पद्धत मला फार आवडते. प्लॉट लगेच विकत नाहीत, निवडलेल्या बिल्डरसाठी वर्ष-दीड वर्ष राखून ठेवतात, तेवढ्यात त्याने डिझाइनची स्पर्धा घ्यायची, परवानगीची तयारी करायची, आणि ते झालं तरच पैसे भरून जमीन नावावर. नाही जमलं तर जमीन शहराकडेच. आपल्याकडे याच्या उलट होतं, जमीन आधी जाते आणि आराखडा मागून येतो.

तेव्हा तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न हा, की जमीन भांडवल म्हणून पहिल्या दिवशी कंपनीत घालणार का? घालू नका. एकदा जमीन कंपनीची झाली की ती कंपनीच्या देणेकऱ्यांना तारण, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली की मंडईचे गाळेवाले रांगेत बँकेच्या मागे उभे. त्यापेक्षा आधी फक्त काम करायचा परवाना, पहिल्या टप्प्यातल्या भाजीवाल्यांना नवीन गाळ्याची चावी मिळाली की पुढच्या टप्प्याची जमीन, आणि तीही मालकीने नाही तर भाडेपट्ट्याने. दुसरा प्रश्न जमिनीच्या किमतीचा. महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे मिळकत चालू बाजारभावापेक्षा कमीने देता येत नाही, मग बाजारभाव काढला कुणी, आजच्या मंडईचा धरला की उद्या वर टॉवर होणार त्याचा? निम्मे निम्मे म्हणताना तुमच्या निम्म्याची किंमत इथेच ठरते, आणि या मूल्यांकनाची प्रत सभागृहात मागा, गोषवारा नको, पूर्ण प्रत.

तिसरं, पन्नास-पन्नास म्हणजे मतं समसमान. मग अडलं तर निर्णय कोण घेणार? अध्यक्षाचं निर्णायक मत कुणाकडे? फ्रान्समध्ये अशा मिश्र कंपन्यांची जुनी चाल आहे, त्यांना सेम म्हणतात, तिथे सार्वजनिक संस्थांचा वाटा निम्म्याहून जास्त आणि ८५ टक्क्यांपर्यंतच, असं कायद्यातच लिहिलंय, म्हणजे हा वाद टेबलावर येतच नाही. आपल्याकडे असं काही लिहिलेलं नाही, म्हणून ते तुम्हालाच करारात लिहून घ्यावं लागेल. आणि मंडईतल्या लोकांचा एक प्रतिनिधी संचालक मंडळात, मत नसलं तरी निदान कागद मिळण्याच्या हक्काने. प्रशासन म्हणेल कायद्यात बसत नाही. बसतं, आर्टिकल्समध्ये लिहिलं की बसतं.

मी लंडनमध्ये हॅरिंगेजवळ राहतो. इथेही अशी कंपनी करायचं चाललं होतं आणि मोडलं, तुमच्या वाचकांना सांगा. (लंडन)

बरं झालं लिहिलंत. आधी मागचं थोडं. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये रिचर्ड रॉजर्स या आर्किटेक्टच्या अध्यक्षतेखालच्या समितीने शहरांच्या पुनरुज्जीवनासाठी कंपन्या काढायला सांगितलं, त्यातून लिव्हरपूल व्हिजन, न्यू ईस्ट मँचेस्टर आणि शेफिल्ड वन या पहिल्या तीन निघाल्या. त्या हलक्या कंपन्या होत्या, परवानगीचे अधिकार महापालिकेकडेच, कंपनीचं काम सगळ्यांना एका खोलीत बसवून आराखडा पुढे नेणं. पुढे पैशाची चणचण वाढली तशी महापालिकांनी स्वतःची जमीनच भागीदारीत घालायला सुरुवात केली, आणि हॅरिंगेचं तेच. महापालिका आणि लेंडलीज ही बांधकाम कंपनी, पन्नास-पन्नास, दोन अब्ज पौंडांचा प्रकल्प, त्यात महापालिकेच्या वसाहतीसुद्धा, नॉर्थम्बरलंड पार्कसारख्या, जिथे लोक राहत होते. जुलै २०१७ मध्ये मंजुरी झाली आणि राहणारे लोक विचारायला लागले, आम्ही परत इथेच येणार का, याच भाड्याने? त्याचं सरळ उत्तर वेळेत मिळालं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टात विरोधक हरले, पण त्या मे महिन्यात निवडणूक होऊन महापालिकेचं नेतृत्व बदललं आणि जुलै २०१८ मध्ये योजना रद्द झाली.

मला यातून एवढंच दिसतं की घरात राहणाऱ्याचा परत येण्याचा हक्क हा कंपनीच्या नोंदणीआधीचा कागद आहे. तो आधी करा आणि मग कंपनी काढा. उलट्या क्रमाने केलं की कोर्टात जिंकूनही काम उभं राहत नाही.

ताई, आम्ही माळ्यावर राहतो. खाली दिराचं घर. आमचं या कंपनीत काय? (धारावी)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गेल्या वर्षी तुमच्याच भागात एका घरी गेले होते, उभी लोखंडी शिडी, वर चढताना एका हाताने दोरी धरायची, वर दहा बाय दहा, शिलाई मशीन, गॅस, आणि दारावर सर्व्हेवाल्यांनी टाकलेला नंबर. त्या बाई शिडीवरून पाण्याची कळशी कशी वर नेतात ते दाखवत होत्या आणि मला कंपनी कायद्यातलं एकही कलम आठवेना.

सरकारने जाहीर केलंय ते असं. १ जानेवारी २००० च्या आधीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यांना धारावीतच ३५० चौरस फूट मोफत. २००० ते २०११ मधल्या तळमजल्याच्या लोकांना धारावीबाहेर ३०० चौरस फूट, अडीच लाखांत. आणि त्यानंतर आलेले, तसेच माळ्यावरचे, १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतचे, यांना धारावीबाहेर भाड्याचं घर, हप्त्याहप्त्याने मालकीचं करता येईल असं. म्हणजे दीर आत आणि तुम्ही बाहेर, एकाच घराचे दोन पत्ते होणार. ही विभागणी मला पटत नाही, कारण माळा दुसऱ्या वस्तीत नेऊन ठेवला तर मशीनचं काम कोण आणून देणार, पण आज नियम असा आहे आणि त्यात तुमचा हक्क शून्य नाही, हे आधी पक्कं धरा.

कंपनीत तुम्ही भागधारक नाही, त्यामुळे कंपनीशी तुमचं नातं फक्त दोन कागदांचं. एक, पात्रता यादी, म्हणजे परिशिष्ट दोन, त्यात माळ्याचं नाव वेगळं आलंय का बघा, दिराच्या नावाखाली बुडालेलं नको. दोन, तुमच्याशी होणारा वैयक्तिक करार. त्यात नवीन घराचा पत्ता, क्षेत्रफळ, ताब्याची तारीख, मासिक हप्ता किती वर्षं, आणि मालकी कधी होणार, या पाच जागा कोऱ्या असतील तर सही करू नका, कुणी कितीही घाई केली तरी. लाइट बिल, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले, १५ नोव्हेंबर २०२२ च्या आधीचं जे काही माळ्याच्या पत्त्यावरचं असेल ते काढा, दोन-दोन झेरॉक्स, मूळ कागद कुणाकडे देऊ नका. बिल दिराच्या नावावर असेल तर त्यांच्याकडून आताच, भांडण नसताना, लिहून घ्या की वरती तुम्ही कधीपासून राहता. यादीत नाव नसलं तर हरकत घ्यायला मुदत असते, ती नोटिशीवरच लिहिलेली असते. नोटीस आली की पहिल्यांदा ती तारीख बघा, आणि नोटिशीचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा, अर्ज कसा लिहायचा ते मी बघते.